पाच दिवसांआड येणारे पाणी, पिंपाची कड आणि घरातले आजारपण

पाणीवाटा:

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बहुतेकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक असेल. उजनी धरण भरले तरी आमच्या भागात चार-पाच दिवसांनीच पाण्याची पाळी येते. त्यामुळे मोरीतला सिमेंटचा हौद, अंगणातली दोन निळी पिंपे, गच्चीवरची टाकी, स्वयंपाकघरातला हंडा आणि माठ असा सगळा सरंजाम प्रत्येक घरात असतोच. पाणी आले की रात्रीबेरात्री उठून ही सगळी भांडी भरून घ्यायची आणि पुढचे पाच दिवस ते पुरवायचे, यातच आमच्या आयाबायांचे आयुष्य गेले. या साठवणीतूनच आजार घरात येतात, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले आणि ते कळण्यासाठी घरातली दोन माणसे आजारी पडावी लागली.

गेल्या वर्षी गणपती उठले त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या मुलीला ताप भरला आणि तपासणीत डेंग्यू निघाला. तिसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या आशाताई घरी आल्या. गटार कुठे तुंबले आहे, कचरा कुठे साचला आहे, हे त्या विचारतील असे मला वाटले होते, पण त्या थेट अंगणातल्या पिंपाजवळ गेल्या, वरची फळी बाजूला केली आणि मोबाइलच्या विजेरीचा प्रकाश आत टाकला. वरवर पाणी अगदी नितळ दिसत होते. प्रकाश पडताच पृष्ठभागालगत लोंबकळणाऱ्या बारीक दोऱ्यांसारख्या अळ्या वळवळत तळाकडे निघाल्या. त्यांच्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे काही काळसर ठिपकेही होते. ते कोष होते आणि त्यांतून दोन दिवसांत डास उडणार होते. ज्या पाण्याने मी रोज भांडी घासत होते आणि मुलीला आंघोळ घालत होते, त्याच पाण्यात तिचा आजार वाढत होता, हा धक्का मी अजून विसरलेले नाही.

ती बरी होते न होते तोच सासूबाईंना जुलाब सुरू झाले. त्या वेळी डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता की, माठातले पाणी तुम्ही कशाने काढता? आम्ही पेल्यानेच काढत होतो. मुले बाहेरून येत, पेला हातात घेत आणि बोटे पाण्यात बुडवत. पाणी गाळून, कधी उकळूनही आम्ही माठात भरत होतो, पण भरल्यानंतर त्याचे काय होते याचा विचार कोणी केला नव्हता.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी नेमाने करतो. माठ बदलून तोटीचा आणला. हंड्यातून पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे ठेवले आणि ते हंड्याच्या कडेला न ठेवता भिंतीवरच्या खिळ्याला उलटे टांगायचे ठरवले. पिंपांच्या तोंडावर जुन्या सुती धोतराचा दुहेरी कपडा ताणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याने घट्ट बांधला, कारण फळीच्या फटीतून डास सहज आत जातो. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवसही ठरवला. खरी अडचण इथेच येते. पाच दिवसांनी आलेले पाणी ओतून द्यायला हात धजत नाही, आणि भांडे रिकामे करण्याचा दिवस व पाणी येण्याचा दिवस यांचा मेळ बसत नाही. ज्यांच्याकडे अशीच पाण्याची पाळी आहे, त्यांनी यावर काय मार्ग काढला आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी घरी नेमके काय करावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

तिसरा_मजला:

ताई, फार महत्त्वाचा विषय काढलात. आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरातही पाण्याची तीच गत आहे. आम्ही कोरडा दिवस पाणी येण्याच्या आदल्या दिवशी ठेवतो, कारण त्या दिवशी भांडी तशीही जवळजवळ रिकामी असतात. तळाशी उरलेल्या पाण्याने फरशी पुसतो आणि झाडांना घालतो. आमच्या इमारतीत मात्र वेगळीच गोष्ट निघाली. घरातली सगळी भांडी झाकलेली असूनही अळ्या सापडल्या त्या फ्रिजच्या मागच्या ताटलीत, जी आम्ही घर घेतल्यापासून एकदाही बाहेर काढली नव्हती, आणि शेजारच्या घरात त्या मनीप्लँटच्या बाटलीत सापडल्या.

निवृत्त_आरोग्यसहाय्यक:

मी हिवताप विभागात तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आणि त्या काळात हजारो घरांतली भांडी तपासली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास घाण पाण्यात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. तो मुख्यतः दिवसा चावतो, विशेषतः सकाळच्या पहिल्या प्रहरात आणि मावळतीच्या आधी. त्यामुळे फक्त रात्री मच्छरदाणी लावून डेंग्यू टळत नाही. दुपारी झोपणाऱ्या बाळाला आणि तापाने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णालाही दिवसा मच्छरदाणी लागते. रुग्णाला ती विशेष लागते, कारण त्याला चावलेला डास पुढे घरातल्या दुसऱ्या माणसाला आजार देतो. हा डास फार लांब उडत नाही. साधारणपणे तो जन्मला त्या जागेपासून शे-दोनशे मीटरांतच वावरतो. म्हणून एखाद्या घरात रुग्ण निघाला, तर डासाचे घर बहुधा त्याच घरात किंवा शेजारी सापडते.

आता कोरड्या दिवसाबद्दल लिहितो. अंड्यापासून डास उडेपर्यंत आपल्याकडच्या हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात, आणि हे चक्र सात दिवसांच्या आत तोडण्यासाठीच आठवड्याचा नेम सांगितला जातो. लोक भांडे रिकामे करतात, पण घासत नाहीत, आणि तिथेच सगळे श्रम वाया जातात. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. ही अंडी काळी आणि खसखशीहून बारीक असतात आणि डोळ्यांना मळाच्या रेषेसारखी दिसतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पुढच्या पावसात पाणी त्यांच्यापर्यंत चढले की फुटतात. हिवाळाभर कोरडा पडलेला कूलर चैत्रात बाहेर काढून त्यात पाणी भरणाऱ्यांना आठवड्याभरात अळ्या दिसतात, त्या याच कारणाने. म्हणून काथ्या किंवा तारेचा ब्रश घेऊन पिंपाची आतली कड, विशेषतः पाणी जिथपर्यंत होते ती रेघ, जोर लावून घासायला हवी. मग भांडे विसळून ते पाणी मोरीत न टाकता मातीत ओतावे आणि भांडे उन्हात पालथे घालावे.

पाणी फेकायचे नसेल, तर त्यालाही उपाय आहे. एक भांडे आधी घासून कोरडे करा. दुसऱ्या भांड्यातले पाणी दाट विणीच्या सुती कपड्यातून गाळून त्यात घ्या. अळ्या आणि कोष कपड्यावर राहतील. तो कपडा उन्हात कोरड्या जमिनीवर झटका, म्हणजे ते मरतील. मग रिकामे झालेले भांडे घासा. अशा रीतीने एक-एक भांडे फिरवत गेल्यास घागरभरसुद्धा पाणी वाया जात नाही. मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांत बायकांना मी हेच दाखवत असे. पाणी ओता, असे सांगितले की त्या दार लावून घेत, आणि पाणी गाळून फिरवा, असे सांगितले की शेजारणीलाही बोलावून आणत.

रिकामा करताच येत नाही असा मोठा हौद किंवा बांधकामावरची टाकी असेल, तर त्यात गप्पी मासे सोडावेत. हे मासे हिवताप विभागाकडून मिळतात आणि अळ्या आवडीने खातात. मात्र ते नदी-तलावात सोडू नयेत आणि पिण्याच्या भांड्यात तर मुळीच सोडू नयेत. शौचालयाच्या टाकीच्या उभ्या पाइपाच्या तोंडाला जाळी किंवा जुना नायलॉनचा कपडा बांधावा. तिथून निघणारा क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवतो.

विहिरीचा_काठ:

सर्वांच्या अनुभवाचा आदर ठेवून एक शंका मांडतो. आम्ही लहानपणी उघड्या विहिरीचे पाणी प्यायलो, एकाच तांब्याला चार जण तोंड लावत होतो आणि आम्हाला काही झाले नाही. इतकी काळजी घेतल्याने मुलांची प्रतिकारशक्तीच कमी होत नाही का?

पाणीवाटा:

दादा, हा प्रश्न माझ्याही मनात होता आणि तो मी सासूबाईंनाच विचारला होता. त्यांनी जे सांगितले ते इथे लिहिते. त्यांच्या आईला नऊ मुले झाली आणि त्यांपैकी चार मुले पाच वर्षांची होण्याआधीच गेली. दोघे तर एकाच पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी गेले. आपल्या आठवणीत राहतात ती विहिरीचे पाणी पिऊन जगलेली मुले, कारण गोष्ट सांगायला तीच उरलेली असतात. आणि मातीत खेळल्याने, उन्हात हिंडल्याने मुलांचे काही बिघडत नाही, हे मीही मानते. दुसऱ्याच्या विष्ठेतले जंतू पिण्याच्या पाण्यात येणे ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे.

मुठाकाठ:

मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहतो. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघू लागले, तेव्हाचे दिवस आम्ही विसरणार नाही. धडधाकट माणसाच्या पायांतली शक्ती दोन दिवसांत जायची, काहींना श्वासासाठी यंत्र लागले आणि काही जण गेले. तपासण्यांत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. पोटाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नसांवर उलटते, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा समजले. प्रतिकारशक्तीबद्दल वर जे विचारले आहे, त्याला हेही एक उत्तर आहे.

त्या दिवसांपासून आमच्या सोसायटीत दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी पाण्याला क्लोरीनचा वास आला की रहिवासी तक्रार करत. आता वास आला नाही तर ते सचिवांना फोन करतात. आम्ही बाजारातून क्लोरीन तपासण्याचा छोटा संच आणला आहे. नळीत पाणी घेऊन त्यात द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, आणि रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. नळाशी प्रति लिटर निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा, असा भारतीय मानक आहे. टँकर आला की रिता होण्याआधीच आम्ही तपासणी करतो.

दुसरी गोष्ट घरातल्या शुद्धीकरण यंत्राची. आरओच्या यंत्रातून आलेले पाणी शुद्ध असले तरी त्यातला क्लोरीन निघून गेलेला असतो. म्हणजे नंतर ते उघड्या भांड्यात ठेवले किंवा त्यात हात बुडाला, तर त्याला राखणदार कोणी उरत नाही. महागडे यंत्र असलेल्या घरांतही पोटाचे आजार होतात, याचे हे एक कारण आहे. पाणीवाटा ताईंनी पेल्याचा मुद्दा लिहिला आहे, तो यंत्र असलेल्या घरांना अधिकच लागू पडतो.

निवृत्त_आरोग्यसहाय्यक:

मुठाकाठ यांनी अगदी योग्य लिहिले आहे. खेड्यांत हेच काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. टाकीत टीसीएल, म्हणजे विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) टाकणे आणि शेवटच्या नळाला ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहणारी चाचणी घेणे, ही त्याची रोजची जबाबदारी असते. आपल्या गावात ती चाचणी होते का, हे कोणालाही विचारता येते आणि विचारावे.

ताई, तुम्ही पिण्याच्या पाण्याबद्दल विचारले होते. दोनशे लिटरच्या पिंपात औषध टाकण्याची गरज नाही. फक्त पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळे काढून त्यावर प्रक्रिया करा. पाणी गढूळ असेल, तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या आणि वरचे पाणी गाळून घ्या, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचे काम होत नाही. मग क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) वापरणार असाल, तर वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच टाका आणि अर्धा तास थांबा. गोळ्या वेगवेगळ्या शक्तीच्या मिळतात, म्हणून शेजारचे किती टाकतात ते पाहून प्रमाण ठरवू नये. उकळणार असाल, तर वीस मिनिटे गॅस जाळण्याची आवश्यकता नाही. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. त्याच भांड्यात झाकून थंड करा आणि शक्यतो त्याच भांड्यातून प्या, कारण उकळलेले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतले की त्या भांड्याची सारी घाण त्यात उतरते.

औषधदुकान:

मी औषधविक्रेता आहे. पावसाळ्यात माझ्याकडे जुलाबाची गोळी मागायला लोक येतात, जलसंजीवनीची (ओआरएस) पुडी मागायला मात्र फार थोडे. त्यांतलेही बरेच जण ती चुकीच्या रीतीने वापरतात, म्हणून इथे लिहावेसे वाटले.

मागच्याच आठवड्यात एक आजी नातवासाठी पुडी न्यायला आल्या. मी विचारले, कशी देता? त्या म्हणाल्या, ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी टाकते, खारट लागते म्हणून वर साखर घालते. मोठी पुडी, जिच्यात साधारण साडेवीस ग्रॅम चूर्ण असते, ती पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ग्लासात अर्धी पुडी घातली, तर मिठाचे प्रमाण दुपटीच्याही वर जाते आणि लहान मुलाला ते घातक ठरू शकते. ग्लासभर पाण्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवर किती मिलिलिटर लिहिले आहे ते आधी वाचावे. मी आजींना दुकानातली लिटरची बाटली दिली आणि त्यांच्यासमोर तिच्यात एक पुडी घालून दाखवली. तयार केलेले पाणी चोवीस तासांत वापरावे, उरलेले टाकून द्यावे आणि त्यात वरून साखर, सरबत किंवा दूध काहीही मिसळू नये.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. सपाट म्हणजे बोटाने वरचा ढीग काढून टाकलेला. दोन वर्षांखालील मुलाला दर जुलाबानंतर हे पाणी पन्नास ते शंभर मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये. पेज, वरणाचे पाणी आणि ताक चालू ठेवावे. लहान मुलांना जस्ताच्या गोळ्याही देतात, पण त्या वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून द्याव्यात. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नसणे किंवा मूल पाणी प्यायलाही नकार देत असणे, यांतले काही दिसले की घरी थांबू नये.

मीठ-साखरेच्या या पाण्याची ताकद जगाने १९७१ मध्ये पाहिली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सीमेजवळच्या बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे पाणी कालवून नातेवाइकांच्याच हातांनी रुग्णांना पाजले. सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण तिथे चार टक्क्यांखाली आले. २०२२ मध्ये ते गेले आणि नंतर त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पुडी हातात देताना मला प्रत्येक वेळी त्या छावणीतल्या पिंपांची आठवण येते.

आणखी एक गोष्ट. डेंग्यूच्या दिवसांत तापाला अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही वजनाच्या प्रमाणात, घ्यावे.

तिसरा_मजला:

दादा, पपईच्या पानांचा रस दिल्याने डेंग्यूत कमी झालेल्या रक्तातल्या पेशी (प्लेटलेट) वाढतात, असे आमच्याकडे सगळेच सांगतात. तो द्यावा का?

औषधदुकान:

त्यावर विसंबून राहू नये, असेच मी सांगेन. आधीच उलट्या होत असलेल्या रुग्णाला तो कडू रस पाजून उलट्या वाढवल्याचे मी पाहिले आहे. त्यापेक्षा पाणी, पेज आणि जलसंजीवनी पोटात टिकणे महत्त्वाचे असते. आणि ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नये. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे किंवा माणूस गुंगीत जाणे, यांतले काही दिसले तर पेशी किती आहेत याचा अहवाल येण्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

पाणीवाटा:

सर्वांची मनापासून आभारी आहे. माझ्या मुलीचाही ताप पाचव्या दिवशी उतरला होता आणि मी तिला शाळेत पाठवण्याच्या तयारीत होते. डॉक्टरांनी तिला दोन दिवस नजरेखाली ठेवा, असे का सांगितले, ते आज नीट समजले.

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज सकाळी पिंपे फिरवली. पहिल्या पिंपाची कड मी दर आठवड्याला धूत होते, तरी तारेच्या ब्रशने घासल्यावर पाण्याच्या रेघेवरून काळपट भुकटी निघाली, ती मी पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली पाहिली. लांबट, चकचकीत काळे कण होते. इतके दिवस मी त्याला शेवाळ समजत होते. दुसऱ्या पिंपातले पाणी गाळताना कपड्यावर सात अळ्या राहिल्या, म्हणजे कपडा बांधूनही कुठेतरी फट आहे. शोधल्यावर ती पिंपाच्या मुठीखाली सापडली, तिथे ट्यूबचा पट्टा सैल पडतो. आता तिथे दोरीचे दोन वेढे जास्तीचे घेतले आहेत. सासूबाईंनी शेजारच्या दोन घरांना संध्याकाळी बोलावले आहे. पाणी उद्या पहाटे येणार असल्याने त्यांचीही पिंपे आज तळाशीच आहेत, आणि ब्रश आमच्याकडे एकच आहे.